भांड्यावरचं नाव

“भांडं ठोकायचं सोडून भांड्यावर लिहिणार होय?”

हे वाक्य मला उद्देशून नव्हतं. पण महिना झाला, ठोके माझ्याच डोक्यात पडताहेत. बोलणारे आबा पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीतले. सगळं आयुष्य तांब्याच्या पत्र्यावर हातोडी चालवण्यात गेलं. बोलले ते नातीला. नात पीएचडीच्या प्रवेशाचा अर्ज घेऊन माझ्याकडं आली होती. सांस्कृतिक वारसा या क्षेत्रात तिला आपल्याच आळीतल्या मठारकामावर, म्हणजे भांड्यावरच्या हातोडीच्या ठोक्यांवर, संशोधन करायचंय. “काका, मराठी तेवढं बघा,” म्हणाली. मराठी ठीकच होतं. अडलं ते भलतीकडंच.

पीएचडीचं पीक किती आलंय, प्रबंध कसे शिवले जातात, गाइडच्या घरची भाजी कोण आणतं, हे वाचकांना मी नव्यानं सांगायला नको. पीएचडी करून काय दिवे लावणार, हा प्रश्न २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात विधान परिषदेतही विचारून झालाय आणि त्यावर व्हायचा तो गदारोळही होऊन गेलाय. माझी तक्रार त्यातली नाही. माझी तक्रार एका रकान्याशी आहे. अर्जासोबतच्या आराखड्यात ‘रिसर्च गॅप’ म्हणून एक रकाना असतो. आजवर या विषयावर काय काय झालं आणि त्यात कुठं भोक राहिलं, ते लिहायचं. तिनं तिथं लिहिलं होतं, “या विषयावर इंग्रजीत काही लेख आहेत, मराठीत सविस्तर अभ्यास आढळत नाही.” बरोबर होतं, आणि वाचून मला उगाच चीड आली. दोन-तीनशे वर्षं एक आळी रोज सकाळी उठून ठोकाठोक करतेय, अख्ख्या पेठेला ऐकू जातेय, आणि आपण तिची नोंद करायची ती ‘पोकळी’ म्हणून!

त्या चिडीत मी तिला एक व्याख्यान दिलं. म्हटलं, हा अर्ज मोठ्या माणसांना पुरलाच नसता. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे घे. साधे बी.ए. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि पुढं बावीस खंडांपर्यंत गेले. आजच्या नियमानं पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के नाहीत म्हणून संगणकानंच त्यांना पहिल्या पानावर अडवलं असतं. दामोदर कोसंबी गणितातले. पुण्याभोवतीच्या टेकड्या पायी तुडवून दगडाची सूक्ष्मास्त्रं वेचत होते. त्यांना विचारलं असतं, आपली पदवी संबंधित विषयातली आहे का? आणि पां. वा. काणे! ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाच्या आपल्या आवृत्तीला प्रस्तावना लिहावी म्हणून बसले, ती वाढता वाढता ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ झाली. पहिला खंड १९३० चा, शेवटचा १९६२ चा, पानं सहा हजारांवर. ‘अपेक्षित कालावधी’च्या रकान्यात त्यांनी काय लिहायचं होतं? कमाल मुदत तर सहा वर्षं!

ती ऐकत होती. अशा वेळी शहाणी मुलं ऐकतात.

इथं थोडं आडवाटेला जातो. वारसा हा शब्द आपण फार सोवळ्यानं वापरायला लागलोय. वारसास्थळ, वारसा सप्ताह, वारसा फेरी. मूळ शब्द अरबीतून आलेला, आणि मराठी माणसाला तो भेटतो तलाठ्याच्या कचेरीत. माणूस गेला की वारसनोंद घालायची, फेरफार मंजूर व्हायचा, सातबाऱ्यावर नाव चढायचं. माझ्या डोक्यात वारसा म्हटलं की किल्ला येत नाही, ती कळकट कचेरी येते. आणि तिच्या पाठोपाठ वारसाच्या समोर उभं राहिलेलं कूळ येतं. वारसाचं नाव कागदावर असतं, कुळाचा पाय चिखलात असतो. मुंबई प्रांतात १९४८ साली कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाला कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली. निदान कायद्याच्या पुस्तकात. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा लहानपणी भिंतीवर चुन्यानं लिहिलेली मी पाहिलीय.

संस्कृतीच्या बाबतीतही मला हाच भेद मोलाचा वाटतो. वारस निराळा, कूळ निराळं. २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचं नाव युनेस्कोच्या यादीत चढलं, त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. त्या दिवशी आपण सगळेच वारस झालो. पेढे वाटले. कूळ कोण होतं? कोणी झुडपं काढली, कोणी टाकी उपसली, गडावर राहून ताक विकता विकता कोणी वाटा जागत्या ठेवल्या? तेव्हा संशोधक हा वारस नसावा, कूळ असावा, असं माझं लाडकं मत. आणि ही मुलगी तर आळीतलीच. तिनं अर्ज कशाला भरायचा? घरी बसावं, आबांकडून ऐकावं, लिहावं.

हे मत मी एका प्राध्यापक मित्राला ऐकवलं. ते स्वतः गाइड होते, बऱ्याच जणांना पार करून निवृत्त झाले. त्यांना मुलीची अडचण वाटत होती, पण उलट्या बाजूनं. म्हणाले, “ज्याचं घर जळतंय त्यानं पंचनामा लिहू नये. ही आजोबांवर प्रेमानं लिहिणार. आरआरसीत, विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीत, पहिला प्रश्न तोच येईल, तटस्थतेचं काय?”

तटस्थतेचं काय, ते इरावती कर्व्यांच्या उदाहरणावरून बघा, असं मी म्हणालो. १९२० च्या दशकाच्या अखेरीला त्या बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाच्या मांडणीतलं मोठं नाव. कवटीची डावी-उजवी बाजू सारखी नसते आणि हा फरक वंशागणिक बदलतो, गोऱ्यांची बुद्धी त्यातून कळते, अशी कल्पना. बाईंनी कवट्या मोजायच्या. त्यांनी मोजल्या आणि वंशाशी संबंध दिसत नाही, असं लिहून दिलं. आता सांगा, त्या खोलीत घर कोणाचं जळत होतं? हितसंबंध तर मार्गदर्शकाचा होता! संशोधकाला घर असतंच. प्रश्न एवढाच, की मोजमाप घराच्या विरुद्ध गेलं तर तो ते कागदावर उतरवतो का.

मित्र म्हणाले, “कर्वेबाई एकच.” हे काही उत्तर नव्हतं, पण माझ्याकडंही दुसऱ्या बाई तयार नव्हत्या, म्हणून चहा मागवला.

त्यांचा आणखी एक मुद्दा मात्र मला हसवून गेला. प्रबंध सॉफ्टवेअरमधून काढतात आणि दुसऱ्या मजकुराशी साम्य दहा टक्क्यांवर गेलं की दंडाच्या पायऱ्या सुरू होतात. आता जात्यावरच्या ओव्यांचं काय करणार? हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पात हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यात एकच चरण चार गावांत चार बायका म्हणतात, पुढची ओळ प्रत्येकीची आपली. परंपरा म्हणजेच साम्य! सगळ्या बाया नापास. मात्र त्या कामातली एक गोष्ट विसरू नये: ओवी कोणी गायली, कोणत्या गावात, तिचं नाव काय, हे जमेल तेवढं टिपलेलं आहे. लोकसाहित्याच्या जुन्या पुस्तकांत गाणारीण बहुधा ‘एक वृद्धा’ असायची.

इथवर माझी बाजू भक्कम होती. अर्ज वाईट, आळी चांगली. पुढच्या रविवारी मी मुलीबरोबर आबांकडं गेलो, तेव्हा ती बाजू ढासळली.

आबांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मी मान डोलावली. मुलगी शांतपणे म्हणाली, “आबा, हातोडी तुम्ही दादाच्या हातात दिलीत. मला कधी दिलीत?”

दादा चाकणला कंपनीत आहे. हातोडी खुंटीला आहे. आबा काही बोलले नाहीत. घरजमिनीत मुलींना मुलांसारखा वाटा महाराष्ट्रानं १९९४ सालीच दिला, देशानं २००५ साली. हातोडीचा फेरफार मात्र कुठल्या तलाठ्याकडं होतो? ‘घरी बसावं, ऐकावं, लिहावं’ असं मी सांगत होतो ते अशा मुलीला, जिला त्या घरात ठोकायला बसण्याचीच मुभा नव्हती. माझ्या लाडक्या भेदात ती कुठं बसते? वारस नाही, कूळही नाही. अंगणात उभी आहे.

मग राजवाड्यांचं उदाहरणही मला नीट बघावं लागलं. लोक दप्तरं दाखवायला कां-कू करायचे, ते अर्धपोटी गावोगाव हिंडले, हे सगळं खरं. पण वाड्याच्या ओसरीपर्यंत तरी ते पोचत होते. त्या ओसरीवर चढायला जात लागत होती, बाप्या असणं लागत होतं. तांबटाची पोर १९०० साली कोणाच्या माळ्यावरचं दप्तर मागायला गेली असती? अर्ज, पावती, नोंदणी क्रमांक, ग्रंथालयाचं ओळखपत्र, दरमहा फेलोशिप या रुक्ष गोष्टी तिची ओसरी आहेत. नेट किंवा पेट ही पीएचडीची प्रवेश परीक्षा द्यायची; पेट दिली तर परीक्षेला ७० टक्के भार आणि मुलाखतीला ३०, हे तरी छापील आहे. राजवाड्यांच्या काळातली अट कुठंच छापलेली नव्हती.

आणि जरा खरं सांगतो. माझीही एकदा नोंदणी झाली होती. गाइड निवृत्त झाले, दुसरे मिळेनात, विद्यापीठाचं एक ओळीचं पत्र आलं आणि नोंदणी संपली. त्या विद्यापीठाचं नाव घेण्यात अर्थ नाही. राजवाडे, काणे, कोसंबी यांची नावं मी मुलीपुढं ओतली, तेव्हा मी त्यांच्यामागं उभा राहून माझं ते पत्रच लपवत होतो. ज्याला दार मिळालं नाही, तो दारं नसावीतच, असं म्हणतो.

तेव्हा रकाना राहू दे. ‘गॅप’ हा शब्द मला अजून आवडत नाही, पण प्रश्न योग्य आहे, असं मी आता मानतो: काय नाही, ते आधी सांग. आम्ही दोघांनी बसून रकान्यातलं तिचं आधीचं वाक्य खोडलं. काय नाही, ते सापडलं माझ्याच घरात. आईचा बंब, घंगाळ, दोन हंडे, डझनभर तांबे माळ्यावरून उतरवले. जवळजवळ प्रत्येकावर टोचून टोचून घातलेलं नाव: अमक्याच्या लग्नात तमक्याकडून, मिती, साल. देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव. एकावरही घडवणाऱ्याचं नाही. आबांना विचारलं तर म्हणाले, “आमचं नाव कशाला? आमचा ठोका ओळखू येतो की.” कोणाला ओळखू येतो? त्यांना येतो. त्यांच्यासमोर चार भांडी ठेवली, दोन आळीतल्या कोणाच्या हातची, ते त्यांनी बोट फिरवून सांगितलं, एक मुंबईचं म्हणाले, एक बाजूला सारलं, “हे यंत्राचं.”

मुलीनं रकान्यात लिहिलं: भांड्यांवर घडवणाऱ्यांची नावं नाहीत, ठोक्यावरून हात ओळखणारी माणसं आळीत आता थोडी उरली आहेत, त्यांच्याकडून ती ओळख शिकून नोंदवणे. ‘शिकून’ हा शब्द माझा नाही, तिचा. आबांनी खुंटीवरची हातोडी उतरवून तिच्यापुढं ठेवली, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. ते म्हणाले, “सोमवारी ये, सकाळी. दुपारी मला झोप लागते.”

अर्ज गेला. ज्या बाईंकडं तिला काम करायचंय त्या सहायक प्राध्यापक आहेत, त्यांना एका वेळी चारच विद्यार्थी घेता येतात आणि चारही जागा भरलेल्या आहेत. एकाचा प्रबंध डिसेंबरात जाईल, मग बघू, असं उत्तर आलंय. तोवर तुमच्याकडं एक काम देतो. माळ्यावरचा बंब मोडीत घालायचा असेल तर खुशाल घाला, पण आधी तो उलटा करून उजेडात बघा. देणाऱ्याघेणाऱ्याखेरीज तिसरं नाव किंवा एखादी खूण दिसली, तर तेवढी कागदावर उतरवून ठेवा.