स्यमंतक, हेरकथा आणि संशय

हेरकथा ही केवळ करमणूक, तिचा नीतिविचाराशीं संबंध काय, असें पुष्कळ सुशिक्षित वाचकांस वाटतें. परंतु ‘हें कोणीं केलें?’ या प्रश्नावरच जो वाङ्मयप्रकार उभा आहे, त्याला ‘संशय कोणावर घ्यावा?’ हा दुसरा प्रश्न टाळतां येत नाहीं. आणि हा प्रश्न सर्वस्वीं नीतीचा आहे.

व्हिक्टोरियन लेखकांपासून आपल्या कथाकारांनीं हेरकथेचें तंत्र घेतलें, तें योग्यच झालें. मात्र त्या वारशांत दोन परस्परविरुद्ध वृत्ति आहेत. विल्की कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’ (१८६८) मध्यें सोमनाथाच्या मूर्तीचा हिरा नाहींसा होतो, तेव्हां संशय तीन हिंदी ब्राह्मणांवर जातो. चोर निघतो तो धर्मादाय संस्थांत मिरविणारा एक इंग्रज गृहस्थ. कॉनन डॉइलच्या निळ्या रत्नाच्या कथेंत (१८९२) नळ दुरुस्त करणारा हॉर्नर पकडला जातो, कारण पूर्वीं त्यास एकदां शिक्षा झालेली असते. आणि खऱ्या चोराची सारी भिस्त याच गोष्टीवर असते. येथें लेखक संशयाचीच झडती घेतो. उलट त्याच डॉइलच्या ‘द साइन ऑफ फोर’ (१८९०) मध्यें अंदमानच्या माणसाचा चेहराच जणूं पुरावा म्हणून वाचकांपुढें ठेविला आहे.

यांपैकीं कोणता वारसा चालवावा, याचें उत्तर आपल्या पुराणांत आहे. कृष्णानें मागितलेला स्यमंतक मणि सत्राजितानें दिला नाहीं. पुढें तो गळ्यांत घालून शिकारीस गेलेला त्याचा भाऊ प्रसेन परतला नाहीं. एवढ्यावरून कृष्णावर आळ आला. हेतु दिसत होता, पुरावा नव्हता. अशा वेळीं भागवतांतील कृष्ण आपल्या थोरवीचा हवाला देत नाहीं. नागरिकांस बरोबर घेऊन माग काढीत निघतो. आधीं सिंहानें मारलेले प्रसेन व घोडा, मग अस्वलानें मारलेला सिंह, मग जांबवंताची गुहा, असा एकेक दुवा साक्षीदारांसमक्ष जुळतो. मणि परत मिळतो तोही भरसभेंत, आणि आळ घेणारा सत्राजित लाजेनें मान खालीं घालतो. आळ घेणाऱ्याचा हा पश्चात्ताप हेरकथांत क्वचितच आढळतो.

गणेशचतुर्थीस चंद्र दिसला तर आपल्यावर आळ येऊं नये म्हणून आपण ही कथा ऐकतों. आपण कोणावर आळ घेतों, हें मात्र तिला कधीं विचारीत नाहीं.

हा प्रश्न आपल्या भूमींत तर फार जवळचा आहे. चोराचा माग गांवाच्या शिवेपर्यंत काढणें हें दख्खनमध्यें रामोशांचें काम असे. म्हणजे आपल्या खेड्यांतला हेर तोच. पण १८७१ व १९११ च्या कायद्यांनीं जन्मावरून गुन्हेगार ठरविण्याची रीत घातली. ते कायदे १९५२ सालीं गेले, आणि एके काळचे हे माग काढणारे आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादींत आहेत. कायदा गेला तरी संवय गेली नाहीं. नगर रस्त्यावरील वाघोली २०२१ सालीं पुणें महानगरपालिकेंत आली. अशा नव्या वस्त्यांतील एखाद्या घरीं दागिना दिसेनासा झाला, कीं कपाट नीट धुंडाळण्यापूर्वींच मोलकरणीची पिशवी तपासली जाते.

कोणी म्हणेल, गरीब मनुष्य चोर असूं नये काय? अवश्य असावा, पण तो आपल्या कृत्यावरून सिद्ध व्हावा, जन्मावरून वा धंद्यावरून नव्हे. कथेंत खोटा संशय शेवटच्या पानावर फिटतो. व्यवहारांत मोलकरणीचें काम सुटतें, आणि दागिना उशीखालीं सांपडला तरी तिला तें सांगावयास सहसा कोणी जात नाहीं. नव्या हेरकथाकारानें इंग्रजी कथेपासून दुवे जोडण्याची कला अवश्य घ्यावी. परंतु गुन्हेगार निवडण्यापूर्वीं स्यमंतकाची कथा एकदां सत्राजिताच्या जागीं बसून वाचावी.