ग्रंथ आणि सभा

मराठी ग्रंथव्यवहारात प्रकाशन समारंभ हा असा एक विलक्षण विधी होऊन बसला आहे की, ज्या वस्तूच्या गौरवासाठी शे-दोनशे माणसे सायंकाळी कामधाम आटोपून एकत्र जमतात, ती वस्तू त्या घटकेपर्यंत त्यांच्यापैकी बहुतेकांनी उघडूनही पाहिलेली नसते. व्यासपीठावर अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, लेखक आणि प्रकाशक विराजमान झालेले असतात. चकचकीत कागदात बांधलेल्या प्रतींची फीत सोडली जाते. छायाचित्रकाराच्या सोयीसाठी ग्रंथ छातीशी उभा धरून मंडळी क्षणभर निश्चल होतात. आणि मग ज्यांनी तो वाचला आहे त्यांनी, ज्यांनी नुसता चाळला आहे त्यांनी आणि ज्यांना तो त्याच दिवशी दुपारी घरपोच झाला आहे त्यांनीही सारख्याच आत्मविश्वासाने त्याची थोरवी सांगावयाची, असा शिरस्ता पडून गेला आहे. या शिरस्त्याविरुद्ध तक्रार करण्याचा अधिकार प्रकाशनाच्या धंद्यात उमर घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाला कितपत पोहोचतो, हा प्रश्नच आहे. कारण निमंत्रणपत्रिकेचा मजकूर आम्हीच लिहितो, हारतुऱ्यांची आणि बटाटेवड्यांची तजवीज आम्हीच करतो, आणि अध्यक्ष कोण असावेत याविषयी लेखकाशी आठ-आठ दिवस खल करण्यातही आमचाच पुढाकार असतो.

वस्तुतः संपूर्ण ग्रंथ पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत एकाहून अधिक वेळा वाचलेला एक इसम त्या सभागृहात बहुधा हजर असतोच. मात्र त्याची जागा व्यासपीठावर नसते. दाराजवळच्या टेबलामागे पावतीपुस्तक आणि सुट्या पैशांचा डबा सांभाळीत तो बसलेला असतो. तो मुद्रितशोधक असतो, किंवा संपादकीय खात्यातील एखादा सहायक. चाळिसाव्या पानावर स्वर्गवासी झालेले नायिकेचे वडील दोनशे दहाव्या पानावर ओसरीवर चहा घेत बसले आहेत, ही गोष्ट प्रथम त्याच्या ध्यानी आलेली असते. ती लेखकाला त्याचा मुलाहिजा राखून कळवावी कशी, याचा विचारही त्यानेच केलेला असतो, आणि अखेर समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘हे तेच का?’ एवढेच लिहून त्याने प्रुफे परत धाडलेली असतात. त्या पेन्सिलीच्या प्रश्नाला लेखकाने तांबड्या शाईत दिलेले तोडून टाकणारे उत्तर, दुसऱ्या प्रुफात त्याच जागी पुन्हा उमटलेला तोच प्रश्न, आणि तिसऱ्या खेपेस दोघांच्या संमतीने आडवी रेघ पडलेला अख्खा परिच्छेद, असा जो दीर्घ आणि कित्येकदा कडाक्याचा संवाद कागदाच्या कडेने चाललेला असतो, त्यात लेखकाशी जी भेट घडते तिची सर समारंभातल्या भेटीला येत नाही. समारंभात या संवादाचा उल्लेख होत नाही, आणि तो व्हावा अशी त्या बिचाऱ्याची अपेक्षाही नसते. चूक राहिली तरच त्याचे नाव निघते.

सभेचा हा सारा सरंजाम पाश्चात्यांच्या अनुकरणातून आला, असे म्हणण्याचा एक परिपाठ आहे. परंतु आपल्या भाषेपुरते बोलावयाचे तर सभा ही ग्रंथाच्या मागाहून आलेली नाही, ती त्याच्या अगोदरची आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवासे येथे ज्ञानदेवांनी जी गीताटीका सांगितली, ती प्रथम श्रोत्यांसमोर बोलली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरून घेतली. त्या ग्रंथात श्रोते पदोपदी हजर आहेत: वक्ता त्यांच्याकडे अवधान मागतो, लडिवाळपणाने त्यांची क्षमा मागतो, आणि विषय सोडून वाणी फार लांबली की मूळ श्लोकाकडे वळण्याची सूचनाही त्याला होते. अध्यक्षांना चिठ्ठी पाठवून भाषण आवरण्याची विनंती करणाऱ्या आमच्या कार्यवाहांनी आपली परंपरा एवढी प्राचीन आहे हे ध्यानात घेतल्यास त्यांच्या मनाला थोडे समाधान लाभेल. या परंपरेला पुढे तिसरा हातही लाभला. पाठभेदांनी गढूळ झालेली ती पोथी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी शुद्ध केली आणि तीत आपल्या पदरची ओवी कोणी घुसडू नये अशी सक्त ताकीद देऊन ठेवली. स्वतः थोर कवी असलेल्या पुरुषाने दुसऱ्याच्या ग्रंथात आपला एकही शब्द न मिसळण्याचे व्रत घ्यावे, ही गोष्ट आजच्या संपादकांपैकी कित्येकांना, आणि कबूल करावयाचे तर मलाही, अवघड जाते. सांगणारा, लिहून घेणारा आणि शुद्ध करणारा असे तीन हात एका ग्रंथाला लागले, आणि श्रोते त्या ग्रंथातच बसलेले राहिले. आजच्या समारंभात मंडप आहे, वक्ते आहेत, श्रोतेही आहेत. नेमकी संहिता तेवढी गैरहजर असते, आणि माझी तक्रार एवढ्यापुरतीच आहे.

अर्वाचीन काळातील सभेची कथा याहून वेगळी आणि अधिक गुंतागुंतीची आहे. १८६७ च्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद सरकारदप्तरी होऊ लागली, आणि मराठीत किती व कोणत्या विषयांची पुस्तके निघतात याचा हिशेब मांडणे प्रथमच शक्य झाले. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या विवेचक पुरुषाने या नोंदींत रस घ्यावा हे साहजिकच होते. आणि त्यांनीच गोपाळ हरी देशमुख यांच्यासह १८७८ साली पुण्यात ग्रंथकारांची जी सभा भरविली, तिच्यापासून आपण आजच्या साहित्य संमेलनाची वंशावळ मोजतो. परंतु १८८५ च्या दुसऱ्या सभेचे आमंत्रण जेव्हा जोतीराव फुले यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांनी ते पत्राने नाकारले. ज्यांच्या ग्रंथांत आमच्या माणुसकीच्या हक्कांना जागा नाही, त्यांच्या सभांशी आमच्या सभांचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा रोख होता. संमेलनाच्या इतिहासात या नकाराची नोंद बहुधा एका वाक्यात उरकली जाते. मला मात्र ते पत्र मराठीतील ग्रंथसमीक्षेचा एक पहिल्या प्रतीचा दाखला वाटत आले आहे. कारण सभागृहात कोण आले आहे यापेक्षा कोण आलेले नाही, आणि ते का आले नाही, हा प्रश्न त्या पत्राने ग्रंथव्यवहाराच्या ऐन मध्यावर आणून ठेवला. त्या प्रश्नाचे उत्तर द्यावयास आम्हा प्रकाशकांना जवळजवळ शंभर वर्षे लागली. १९७८ साली दया पवार यांचे ‘बलुतं’ ग्रंथालीने प्रसिद्ध केले, तेव्हा ते काढणारी संस्था स्वतःला वाचकांची चळवळ म्हणवीत होती, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

लेखकाने जातीने लोकांसमोर उभे राहून आपलाच ग्रंथ वाचावा, या प्रकाराचा कळस पाहावयाचा असेल तर तो इंग्लंडात, चार्ल्स डिकन्सच्या चरित्रात पाहावा. १८५८ पासून त्याने तिकिटे लावून आपल्या कादंबऱ्यांतील प्रवेशांचे वाचन सुरू केले. त्यासाठी छापील पुस्तकातला मजकूर तो निर्दयपणे छाटी, वाचनाच्या स्वतंत्र प्रती तयार करी आणि आवाज कोठे चढवावयाचा, हात कोठे उचलावयाचा याच्या खुणा त्यांच्या समासात करून ठेवी. म्हणजे स्वतःच्याच ग्रंथाचा तो पुन्हा एकवार संपादक होई. १८६७-६८ च्या हिवाळ्यात अमेरिकेत त्याने याच वाचनांवर अमाप द्रव्य मिळविले. पुढे ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधील नॅन्सीच्या खुनाचा प्रवेश त्याने वाचावयास घेतला, तो इतक्या आवेशाने की वाचन संपल्यावर त्याला पडून राहावे लागे, १८६९ साली डॉक्टरांनी दौरा मध्येच थांबविला, आणि १८७० च्या जूनमध्ये तो वारला. या कथेतून ग्रंथकारांनी वाचन टाळावे असा बोध काढणारे लोक आहेत. मला त्यातून एवढेच दिसते की डिकन्सच्या श्रोत्यांनी पैसे मोजले ते त्याचे शब्द ऐकण्यासाठी. त्याच्याविषयी दुसऱ्या कोणी बोललेले शब्द ऐकण्यासाठी त्यांतला एकही माणूस रांगेत उभा राहिला नसता.

आपल्याकडेही ही चव अगदीच अपरिचित नव्हती. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी गावोगाव एकत्र काव्यवाचन करून कवितेला जो श्रोतृवर्ग मिळवून दिला, तो कोणत्याही प्रस्तावनेने मिळाला नसता, आणि पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी तर मर्ढेकर, बोरकर यांच्या कविता, म्हणजे दुसऱ्यांचे शब्द, केवळ वाचून सभागृहे भरविली. मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळ्यांच्या नावाशी निगडित असलेल्या पार्ल्यातील गप्पांमध्ये लेखकाला प्रश्न विचारले जात, आणि प्रश्न विचारावयाचा तर पुस्तक वाचून यावे लागते, एवढे साधे पथ्य त्या योजनेत अंगभूतच होते. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला गिरगावातील खटाववाडीत मौजेचे श्री. पु. भागवत आणि ‘सत्यकथे’चे राम पटवर्धन होते. त्यांची साहित्यचर्चा पत्रांतून आणि हस्तलिखितांच्या पुनर्लेखनातून चाले. एखादी कथा महिनोन्‌महिने लेखक आणि संपादक यांच्यामध्ये येरझारा घाली, आणि त्या येरझारांना कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत. ही दोन टोके मला परस्परविरोधी वाटत नाहीत. दोन्ही ठिकाणी मधोमध संहिता उघडी पडलेली असे, आणि दोन्ही ठिकाणी बोलणाऱ्यावर ती वाचल्याची जबाबदारी असे.

समारंभाच्या बाजूने बोलावयाचे तर त्याचा जमाखर्च दृष्टीआड करता येत नाही. हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती खपावयास चार-पाच वर्षे लागणे ही मराठीत नवलाची गोष्ट नाही. ग्रंथालयांची खरेदी अनुदानाच्या पंचांगावर चालते, विक्रेत्याचे कमिशन ठरलेले असते, आणि अशा स्थितीत एका संध्याकाळी टेबलावरून रोखीने गेलेल्या साठ-सत्तर प्रती बांधणावळीच्या बिलाला मोठाच हातभार लावतात. आप्तेष्टांनी भिडेखातर घेतलेली प्रतही कधीतरी घरातील एखाद्या अल्पवयीन मुलाच्या हाती पडते, हे मी ऐकून आहे आणि त्यावर माझा विश्वासही आहे. म्हणून समारंभ बंद करावे असे सांगण्याचा वेडेपणा मी करणार नाही.

तूर्त आम्ही एवढेच करू पाहतो की सत्कार, मनोगत आणि आभार यांच्या मध्ये दहा मिनिटे लेखकाने आपल्या ग्रंथातील कोणतीही दोन पाने वाचावी. आणि प्रकाशनानंतर दोन-तीन महिन्यांनी, जेथे स्थानिक वाचनालय राजी असेल तेथे, ज्यांनी पुस्तक वाचले आहे अशा पंधरा-वीस माणसांची बैठक व्हावी आणि तिला लेखकाबरोबर मुद्रितशोधकालाही बोलवावे. दुसऱ्या सूचनेला अद्याप कोणी हरकत घेतलेली नाही, कारण तिच्यात खर्च नाही. पहिलीला मात्र अनपेक्षित दिशेने विरोध झाला. एका वयोवृद्ध साहित्यिकांनी अध्यक्षपद स्वीकारल्यानंतर आमची कार्यक्रमपत्रिका पाहून मोठ्या सौजन्याने विचारले की, लेखकानेच पुस्तक वाचून दाखविले तर त्यात काय आहे हे लोकांना आधीच समजेल, मग अध्यक्षांनी बोलावयाचे ते कशाविषयी?