चैत्रातली हिरवी पाने

वाशीम जिल्ह्यातले रान मुळात पानगळीचे. पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो, आणि चैत्र येईपर्यंत सागाच्या फांद्या उघड्या पडतात. पारा चाळिशी ओलांडतो त्याच दिवसांत बांधावरची रुई आणि अंगणातली कण्हेर मात्र हिरवी असते. हे हिरवेपण कशाच्या जोरावर टिकते, या प्रश्नाची उत्तरे जवळपास तीन शतके बदलत आली आहेत. त्या बदलांचा रोख मला एकाच बाजूला दिसतो: बारमाही पान केवळ चिवट असते म्हणून ऊन सोसत नाही, ऋतू पालटला की ते आपले आतले कामकाजच बदलते.

स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने झाडे किती पाणी हवेत सोडतात हे तोलून मोजले. सदाहरित झाडे इतरांपेक्षा कमी पाणी सोडतात, असे त्याने १७२७ च्या ग्रंथात नोंदवले. पुढे १८९८ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ शिम्परने जाड, कातडी पानांचा संबंध पाण्याच्या टंचाईशी जोडला, आणि पान म्हणजे चिलखत ही समजूत पक्की झाली. कण्हेर तिचे आवडते उदाहरण ठरली, कारण तिच्या पानाच्या खालच्या बाजूस केसाळ खळगे असतात आणि पर्णरंध्रे त्यांत दडलेली असतात. या समजुतीला पहिला मोठा धक्का रशियाच्या मॅक्सिमोव्हने दिला. पाणी मिळाले की कोरड्या प्रदेशातली अनेक झुडपे मोकळ्या हाताने ते खर्च करतात, हे त्याने दाखवले. त्याचे पुस्तक १९२९ मध्ये इंग्रजीत आले. खळग्यांचे कामही आता तितके सरळ राहिलेले नाही. ऑस्ट्रेलियातल्या बँक्सियावरच्या २००९ मधील अभ्यासाने सुचवले की जाड पानात कार्बन डायऑक्साइड खोलवर पोचवणे हा त्यांचा मोठा उपयोग असावा. पाठ्यपुस्तके मात्र अजून चिलखतच शिकवतात.

खरे वळण कण्हेरीनेच दिले. बेरी आणि ब्यॉर्कमन यांनी १९८० मध्ये मांडलेल्या आढाव्यात दिवसा २० अंश आणि ४५ अंश तापमानात वाढवलेल्या कण्हेरींची तुलना आहे. उष्ण हवेतल्या पानांचे प्रकाशसंश्लेषण जास्त तापमानाला टिकते, पण थंडीत मागे पडते. हरितलवकांच्या पटलांतली स्निग्ध द्रव्येसुद्धा तापमानानुसार बदलतात. म्हणजे पौषातली आणि वैशाखातली कण्हेर दिसायला एकच असली, तरी आतून एकसारखी नसते.

यावर आक्षेप येईल की प्रयोगातल्या कुंड्यांना पाणी होते. आपल्याकडे ऊन आणि टंचाई एकदमच येतात. आक्षेप रास्त आहे. पण १९८८ मध्ये डेमिग आणि सहकाऱ्यांनी कण्हेरीवरच तीव्र प्रकाश आणि पाण्याचा ताण एकत्र तपासले. पर्णरंध्रे मिटली की अन्न बनवणे मंदावते, प्रकाश मात्र पडतच राहतो. तेव्हा पानात झीॲक्झँथिन हे पिवळे रंगद्रव्य वाढते आणि जास्तीची ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर टाकण्यास मदत करते. अशा दुपारी पान हिरवे दिसते, पण त्याची कमाई फार थोडी असते.

मग सागासारखे पान टाकून मोकळे होणेच शहाणपणाचे नाही का? एवढ्यावर निकाल देता येत नाही. राइट आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये २,५४८ जातींची पाने तुलनेला घेतली. त्यांत दिसले की दीर्घायुषी पानाला बांधणीचा खर्च जास्त आणि परतफेड सावकाश असते. इतका खर्च करून घडवलेले पान गुरांच्या तोंडी जाऊ देणे परवडत नाही. रुईचा चीक आणि कण्हेरीचे विष यांचा अर्थ मला इथे लागतो. कण्हेरीला तर शेळीही सहसा तोंड लावत नाही. सागाचा हिशोब वेगळा, कमी दिवसांत भरपूर कमाईचा.

कण्हेर आता महामार्गांच्या दुभाजकांतही लावतात. ती हिरवी दिसते एवढ्यावरून तिला पाणी पुरते आहे असे धरू नये. मुळे खोल गेलेली नसतील, तर निदान पहिल्या उन्हाळ्यात नव्या रोपाचे पाणी तोडू नये.