राजकन्येची आरामखुर्ची

सुख सोडता न येणं हा गुन्हा आहे का? प्रश्न तसा मोठा आहे. असले प्रश्न तत्त्वज्ञांनी हिमालयात, निदान कॉलेजात बसून सोडवावेत. बँकेच्या काउंटरमागे बसणाऱ्या बी. कॉम. माणसाने त्यात पडू नये, असं कुणी म्हणेल. पण तत्त्वज्ञाला सुखाचा प्रत्यक्ष अनुभव कितपत असतो? मला आहे. माझी खुर्ची खिडकीजवळ आणि बरोबर पंख्याखाली आहे. या खुर्चीसाठी मी दोनदा प्रमोशनचा फॉर्म भरला नाही. प्रमोशन म्हटलं की बदली आली, आणि बदली म्हटली की कुठल्या तरी शाखेत दरवाज्यासमोरची, उन्हातली खुर्ची आली. तेव्हा या विषयावर बोलण्याचा अधिकार मला खुर्चीसिद्ध आहे.

प्रश्न डोक्यात शिरला तो मात्र फ्रान्सच्या राजकन्यांमुळे. आपल्याकडे मुलगी जरा लाडाची असली, पाण्याचा पेला स्वतः उचलेनाशी झाली की म्हणतात, "अगदी राजकन्या आहे हो!" हे म्हणणाऱ्याने पंधराव्या लुईच्या मुलींची चौकशी केलेली नसते.

या लुईला राणी मारी लेश्चिन्स्कापासून दहा मुलं झाली. त्यांत मुली आठ! पहिल्या दोघी जुळ्या, १७२७ सालच्या. सर्वांत धाकटी लुईझ, १७३७ सालची. म्हणजे दहा वर्षांत आठ मुली. एवढ्या मुलींचा बाप आपल्याकडे असता तर चप्पल झिजेपर्यंत स्थळं बघत हिंडला असता. लुईच्या आठांपैकी लग्न झालं फक्त एकीचं. थोरली लुईझ-एलिझाबेत १७३९ मध्ये बाराव्या वर्षी स्पेनच्या राजपुत्राला दिली. दोघी लहानपणीच गेल्या. उरलेल्या पाचजणी शेवटपर्यंत बिनलग्नाच्या राहिल्या. नवरा हवा तर कॅथलिक हवा, राजघराण्यातला हवा, आणि फ्रान्सच्या राजकन्येचा मान कमी होणार नाही अशा तोलामोलाचा हवा. असे नवरे साऱ्या युरोपात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पत्रिका जमत होती की नाही ते सोडा, हुद्दाच जमत नव्हता.

बरं, लाड तरी? रीतसर बारसं होईपर्यंत या मुलींना नावसुद्धा नसे. थोरलीपासून क्रमांक लावून काम भागवत. पहिली मादाम, दुसरी मादाम, आमच्या बँकेतल्या टोकनसारखं. धाकट्या लुईझला तर 'शेवटली' म्हणत. मुलीचं नाव 'नकुसा' ठेवून पुढच्या मुलीची वाट बंद करू पाहणारी घरं आपल्याकडेही होती. ती गरीब तरी होती.

१७३८ मध्ये कार्डिनल फ्लरी या पंच्याऐंशी वर्षांच्या मंत्र्याने काटकसर काढली. राजवाड्यात एवढ्या मुली वाढवणं परवडत नाही, तेव्हा धाकट्या चौघींना फोंतव्रोच्या मठात पाठवावं. व्हिक्तोआर पाच वर्षांची, सोफी चारचीही नव्हती, तेरेझ दोनची, आणि लुईझला पहिला वाढदिवससुद्धा झालेला नव्हता. चौथीपेक्षा मोठी असलेली सहा वर्षांची आदेलाईद बापापुढे रडली म्हणतात, म्हणून ती राहिली. काटकसरीबद्दल मला आदर आहे. आमच्याकडेही टाचणीचा हिशेब ठेवावा लागतो. पण खर्च कमी करताना आधी कोणता आकडा खोडावा, यात माणसाची परीक्षा असते. व्हर्सायच्या पागेतला एकही घोडा मठात गेल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

मुली दहा-बारा वर्षं तिथे राहिल्या. आईबाप भेटायला गेले नाहीत. तेरेझ १७४४ मध्ये आठव्या वर्षी तिथेच वारली. राजाने पुढे नात्तिए नावाच्या चित्रकाराला मठात पाठवलं आणि उरलेल्या तिघींची चित्रं काढून आणली. १७४८ सालची ती चित्रं आजही व्हर्सायला आहेत. आपल्या मुली मोठेपणी दिसतात कशा, हे राणीला त्या चित्रांवरून कळलं!

पुढे मुली परत आल्या. व्हिक्तोआर १७४८ मध्ये, सोफी आणि लुईझ १७५० मध्ये. यानंतरचं वाचायला मिळतं ते मादाम कांपां या बाईंच्या आठवणींत. बाई १७६८ पासून या राजकन्यांना पुस्तकं वाचून दाखवण्याच्या नोकरीत होत्या. त्या सांगतात, रोज संध्याकाळी सहाला राजाला भेटण्याचा सोहळा असे. घरच्या कपड्यांवरच जरीचा घेरदार घागरा चढवायचा, कमरेला लांब पायघोळ बांधायचा, वरून काळा रेशमी झगा ओढून आतला गबाळेपणा झाकायचा, मशालींच्या उजेडात बापाकडे जायचं, कपाळाची पापी घेऊ द्यायची आणि परत यायचं. पंधरा मिनिटांत सगळं उतरवून पुन्हा भरतकाम सुरू. मस्टर सही करून लगेच चहाला जाणारे आमचे सहकारी मला उगाच आठवले.

आता मुद्द्यावर येतो. १७७० मध्ये लुईझने, म्हणजे त्या 'शेवटली'ने, सगळं सोडलं आणि सॅं-दनीच्या कार्मेल मठात ती जोगीण झाली. हा पंथ फार कडक. वय बत्तीस. लहानपणी मठात पाठवली होती, आता आपल्या पायांनी गेली. कांपांबाईंना तिने सांगितलं की सर्वांत अवघड गेला तो मठातला एक लहानसा जिना. व्हर्सायचा संगमरवरी जिना ती नेहमी मानकऱ्याच्या हाताचा आधार घेऊन उतरलेली. हा जिना तिला कड्यासारखा वाटे. सुरुवातीला ती चक्क पायरीवर बसून घसरत खाली येई.

हे वाचून मी हसलो. मग हसू थांबलं. बत्तीस वर्षांच्या बाईला जिना उतरता येऊ नये, इतकं सुख तिला दिलं होतं!

धाकटी गेल्यावर कांपांबाईंना धास्ती, व्हिक्तोआरही जाते की काय. पण व्हिक्तोआरने त्यांना निर्धास्त केलं. लुईझचं धैर्य आपल्यात नाही, आपल्याला आरामाची फार आवड, असं सांगून तिने आपल्या स्प्रिंगच्या गुबगुबीत खुर्चीकडे बोट दाखवलं. आपला घात करणारी ती हीच! बाई खाण्याचीही शौकीन. उपासाच्या दिवसांत पाणपक्षी चालेल का, असा धर्मसंकटाचा प्रश्न तिला पडला, तर जेवणाच्या वेळी हजर असलेल्या बिशपने तोड सांगितली : शिजलेला पक्षी थंड चांदीच्या ताटात टोचावा, पाव तासात रस गोठला तर तो मांसाहार, नाही गोठला तर उपासाला चालेल. रस गोठला नाही. बाईंना अतिशय आनंद झाला. आपल्याकडे साबुदाणा ज्याने उपासाला बसवला, तो या बिशपचा लांबचा भाऊ असावा.

तर दोन बहिणी. एकीने खुर्ची सोडली, दुसरीला सुटली नाही. थोर कोण? शाळेच्या पुस्तकात उत्तर सोपं आहे : लुईझ. माझंही प्रथम तेच मत होतं. पण १७७४ साल मध्ये येतं.

त्या वर्षी राजाला देवी आल्या. रोग सांसर्गिक, म्हणून युवराजाला लांब ठेवलं. आदेलाईद, व्हिक्तोआर आणि सोफी यांनाही पूर्वी देवी आलेल्या नव्हत्या. तरी तिघी बापाच्या खोलीत शिरल्या आणि शेवटपर्यंत त्याच्या उशाशी राहिल्या. आठव्या वर्षी मेलेल्या मुलीला पाहायला न गेलेला हा बाप! १० मे रोजी तो गेला. तिघींना देवी आल्या. वाचल्या, ते नशीब.

म्हणजे जी खुर्ची देवासाठी सुटली नाही, ती बापासाठी सुटली. मला वाटतं, माणसाला सुखाची आवड आहे की नाही, हा प्रश्नच चुकीचा आहे. गरज कुणाची आली म्हणजे तो उठतो, हे विचारावं. गेल्या वर्षी वडील आजारी होते तेव्हा मी हॉस्पिटलच्या बाकावर अकरा रात्री काढल्या. खुर्ची आठवली नाही, असं नाही. सारखी आठवत होती. पण बाकावरून उठलो नाही. एवढ्याने मी थोर ठरत नाही, पण दोषीही ठरत नाही, असा निकाल मी माझ्यापुरता लावून घेतला आहे.

मात्र कॉमर्सचा माणूस इथे थांबू शकत नाही. जमेच्या प्रत्येक रकमेला कुठेतरी नावे असतं. व्हर्सायच्या त्या खुर्चीचे पैसे कुणाच्या नावे पडत होते? फ्रान्समध्ये 'तैय' नावाचा कर होता; सरदारांना आणि धर्मगुरूंना तो माफ होता. भरत होता शेतकरी. व्हिक्तोआर वाईट नव्हती. पण बापाच्या दुखण्याला ती उठली, कारण बाप तिला दिसत होता. शेतकरी तिला दिसतच नव्हता. आरामखुर्चीचा खरा दोष हाच असावा. तिच्यात बसून पाठ टेकली की नजर आपोआप छताकडे जाते. माझ्या खुर्चीतून काउंटरपलीकडे पेन्शनच्या रांगेत उभे असलेले म्हातारे दिसतात. निदान मान वर केली तर दिसतात. ती किती वेळा वर होते, हा हिशेब मात्र कुठल्याच वहीत नाही.

पुढे क्रांती झाली. १७९१ मध्ये आदेलाईद आणि व्हिक्तोआर रोमकडे निघाल्या. वाटेत आर्ने-ल-द्यूक या गावी लोकांनी त्यांना अडवलं. दोन वयस्क बायकांनी देश सोडावा की नाही, यावर राष्ट्रीय सभेत चर्चा झाली आणि शेवटी सोडलं. रोमहून नेपल्सच्या राज्यात, तिथून त्रिएस्तला. तिथे १७९९ मध्ये व्हिक्तोआर वारली. आदेलाईद पुढच्या वर्षी. लुईझ १७८७ मध्येच मठात वारली होती, त्यामुळे तिला सोडायला काही उरलंच नव्हतं.

स्प्रिंगची खुर्ची मागे राहिली. तिच्यावर नंतर कोण बसलं, ते मी शोधलं नाही. कुणीतरी बसलंच असेल. प्रमोशनचे फॉर्म पुन्हा निघाले आहेत. ते भरावेत की नाही, याचं उत्तर मात्र या राजकन्यांकडे नाही. त्यांना बदलीचा हुकूम नेहमी दुसऱ्यानेच दिला. अपवाद एक, शेवटलीचा. आणि तिला जिना बसून उतरावा लागला.