बेट कशानं होतं?

पुण्यातल्या मराठीप्रेमी माणसाचा एक लाडका समज आहे. जुनी, न बाटलेली मराठी ऐकायची तर भोरच्या आणि वेल्ह्याच्या डोंगरात जावं. वेल्हे तालुका कागदावर आता राजगड झाला, पण बोलण्यात वेल्हेच आहे. डोंगर उंच, डांबरी रस्ते अलीकडचे, पावसाळ्यात संपर्क तुटणारा. तेव्हा भाषा जशीच्या तशी राहिलीच असणार. मावळातलं एकेक खोरं म्हणजे एकेक बेट, आणि बेटावर भाषा टिकते, असा हा हिशेब.

तो मांडला गेला एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात. आउगुस्ट श्लायशर यांनी भाषांचा वंशवृक्ष काढला. फांदी वेगळी झाली की एकटीच वाढत जाते, हे त्यात गृहीतच होतं. डार्विन-वॉलेस यांनी सांगितलेली बेटांवरच्या पशुपक्ष्यांची गोष्ट तेव्हा ताजी होती. आइसलँडची भाषा हा ठरलेला दाखला: मुख्य भूमीपासून दूर, म्हणून हजार वर्षांत फारशी न बदललेली. पुढे जर्मन बोली-अभ्यासक परभाषेच्या मुलखात अडकलेल्या वस्त्यांना ‘भाषाबेटं’ म्हणू लागले. १८७२ मध्ये योहानेस श्मिट यांनी या विचाराला छेद दिला. भाषेतले बदल लाटांसारखे शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जातात, असं त्यांचं म्हणणं. पण सामान्य माणसाच्या डोक्यात वृक्ष आणि बेट हेच राहिलं.

मावळाला हा हिशेब लावून पाहिला की तो पहिल्याच घाटात अडकतो. हिरडस मावळातून वरंध घाट महाडकडे उतरतो. वेल्ह्याच्या बाजूनं मढे घाट आहे, उपांड्या आहे, शेवत्या आहे, सिंगापूर नाळ, बोराट्याची नाळ आहे. कोकणातलं मीठ आणि मासळी याच वाटांनी डोक्यावरून, बैलाच्या पाठीवरून वर येई. साठच्या दशकात डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींची पाहणी केली, तेव्हा त्यांनी महाडची कुणबी बोली निवडली होती. ती म्हणजे याच वाटांच्या तळाची बोली. घाटमाथ्यावरच्या गावाला महाडची पेठ पुण्यापेक्षा जवळची होती. गिर्यारोहकांना आज ज्या वाटा ‘दुर्गम’ वाटतात, तो एके काळचा हमरस्ता.

खोऱ्यांना बेटपण आलंच असेल तर ते नंतर, आणि माणसाच्या हातून. भाटघरचं लॉइड धरण १९२७ च्या सुमारास पुरं झालं आणि वेळवंडीचं खोरं पाण्याखाली गेलं. वेल्ह्यात पानशेत आणि वरसगाव झालं. पानशेत आपल्याला १२ जुलै १९६१ च्या पुरामुळे आठवतं, तेही पुण्याच्या बाजूनं. वरच्या अंगाच्या गावांनी काय गमावलं याची आठवण फक्त त्या गावांना. समोरच्या काठावर दिसणारा सोयरा गाठायचा तर होडी, नाहीतर जलाशयाला वळसा.

पाणी नसतानाही बेट कसं होतं, हे पाहायला घाट उतरून समुद्राकाठी कोर्लईला जावं. रेवदंड्याजवळच्या या गावातले ख्रिस्ती लोक पोर्तुगीजपासून घडलेली एक भाषा बोलतात. तिला ते ‘नउ लिंग’, म्हणजे आमची भाषा, म्हणतात. १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे आलं, पोर्तुगीज सत्ता गेली, भाषा मागे राहिली. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ मध्ये तिच्यावर आख्खा ग्रंथ लिहिला. बोलणारे जेमतेम हजाराच्या आतबाहेर आणि चहूकडे मराठीच मराठी. वाक्याची ठेवण मराठीसारखी झाली, क्रियापद शेवटी जाऊन बसलं, तरी भाषा उरली. कारण धर्म वेगळा, लग्नं आपसांत, वस्ती एकाच जागी.

सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा दाखला याहून गमतीचा आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये त्यावर लिहिलेला निबंध जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांत शिकवला जातो. आपल्याकडे मात्र कुपवाड म्हटलं की एमआयडीसीच आठवते. तिथे मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या एका गावात नांदल्या. तिन्हींचं व्याकरण इतकं जवळ आलं, की वाक्य एका भाषेतून दुसरीत न्यायला नुसते शब्द बदलले तरी भागावं. पण एकही भाषा दुसरीत विरून गेली नाही. चव्हाट्यावर तिन्हींची सरमिसळ झाली, घराच्या उंबऱ्याआत ज्याची त्याची राहिली.

म्हणजे दूर असणं ही भाषेची ढाल नव्हे, आणि संपर्क हा तिचा काळही नव्हे. १९९२ मध्ये मायकेल क्राउस यांनी प्रश्नाचा रोखच बदलला. भाषा किती जण बोलतात यापेक्षा मुलं ती शिकतात का, हे पाहा, असं त्यांनी सांगितलं, आणि येत्या शतकात जगातल्या नव्वद टक्क्यांपर्यंत भाषा संपतील किंवा संपण्याच्या वाटेला लागतील, अशी भीती घातली. आकड्यावर वाद झाले, कसोटी टिकली. तिचा सर्वांत करुण दाखला खऱ्याखुऱ्या बेटांवरच मिळतो. अंदमानातली ‘बो’ भाषा बोलणारी शेवटची व्यक्ती, बोआ सीनियर, २६ जानेवारी २०१० रोजी गेली. अन्विता अब्बी यांनी तिच्याकडून शक्य तेवढं नोंदवून घेतलं होतं. १८५८ मध्ये इंग्रजांनी तिथे बंदिवानांची वसाहत केली, रोग आले, जंगल गेलं, उरलेली मोजकी माणसं सरकारनं स्ट्रेट बेटावर नेऊन वसवली. त्यांची मुलं हिंदी बोलतात. मराठी वाचकाला अंदमान ‘माझी जन्मठेप’मधून पाठ आहे, पण कोठडीबाहेरच्या जंगलात कोणत्या भाषा बोलल्या जात होत्या, हे विचारायचं आपल्याला सुचलेलं नाही.

तिथे समुद्र होता तसाच राहिला. पायाखालची जमीन मात्र गेली. ही गोष्ट ध्यानात ठेवून पुन्हा वेल्ह्याला यावं. पावसाळ्याच्या तोंडाला बाजारात मुठे विकायला बसलेली कातकरीण पाहावी. बादलीवर ओलं फडकं, आत नांग्यांची खरखर. गिऱ्हाइकाशी घासाघीस चाललेली असते ती चोख मराठीत. मध्येच ती लेकीला हलक्या आवाजात आपल्या बोलीत काही सांगते. लेक कळल्यासारखी उठते, फडकं भिजवून आणते, आणि उत्तर देते मराठीत.

कातकरी बोलीची दखल ग्रिअर्सन यांनी आपल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या १९०५ च्या खंडातच घेतली होती. बोली संपण्याइतके लोकही थोडे नाहीत: २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात कातकरी पावणेतीन लाखांच्या पुढे भरले. कोर्लईच्या कितीतरी पट! मग कोर्लईच्या हजारभर माणसांत जे टिकतं ते इथे का विरतं? माझ्या मते उत्तर सातबाऱ्यावर आहे. खैराचा कात काढणं हा यांचा पिढीजात धंदा. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगल परकं होत गेलं, मग कोळसा आला, मग वीटभट्टी. बहुतेक वाड्या दुसऱ्याच्या जमिनीवर उभ्या. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीनंतर घराला कडी लावून बिऱ्हाड भट्टीवर न्यायचं, ते मृगाच्या तोंडाला परतायचं. ज्या उंबऱ्याआड कुपवाडच्या भाषा सुरक्षित राहिल्या, तो उंबराच यांना अर्धं वर्ष नसतो. भट्टीवर शेजारी मराठवाड्यातलं कुटुंब, हिशेब मराठीत, आणि पोरांची शाळा असलीच तर तीही मराठीत.

म्हणून शब्दसंग्रह आणि ध्वनिमुद्रणं यांनी माझं समाधान होत नाही. डॉ. गणेश देवी यांच्या भाषा सर्वेक्षणानं किंवा डेक्कन कॉलेजनं चालवलेल्या बोलींच्या पाहणीनं मोलाचं काम केलं आहे. पण घरठाणाचा उतारा नावावर करून देणं हेही भाषेचंच काम आहे, असं या क्षेत्रात अजून कुणी फारसं धरत नाही.

जनगणनेचं तर विचारूच नये. १९६१ मध्ये १,६५२ मातृभाषा नोंदल्या गेल्या. १९७१ पासून दहा हजारांखालच्या भाषांची नावं स्वतंत्र छापणंच बंद झालं. आताच्या गणनेत देशाच्या बहुतेक भागात माणसं मोजायची ती फेब्रुवारी २०२७ मध्ये, असं ठरलं आहे. फेब्रुवारी म्हणजे भट्टीचा भर. वेल्ह्याच्या वाडीतल्या बाईला मातृभाषेचा प्रश्न भट्टीवर विचारला जाईल, बहुधा मुकादमाच्या देखत, आणि विचारला जाईल मराठीत. प्रगणकांच्या प्रशिक्षणात एवढं जरी सांगितलं, की या रकान्यात तिचं उत्तर ऐकल्याशिवाय ‘मराठी’ लिहू नका, तरी पहिल्यांदा खरा आकडा हाती लागेल.