पारव्यांची जोडी आणि घरातला संगणक



दर वर्षी २ फेब्रुवारीला आपण प्रभूच्या मंदिरातील समर्पणाचा सण साजरा करतो. त्या दिवशीच्या शुभवर्तमानात संत लूक यांनी सांगितलेली एक लहान गोष्ट सहसा कानांवरून निघून जाते. पवित्र मरिया व संत योसेफ यांचे अर्पण पक्ष्यांच्या जोडीचे होते. लेवीय पुस्तकात मूळ नियम कोकराचा आहे. ज्या मातेला कोकरू परवडत नाही तिला दोन होले किंवा पारव्यांची दोन पिले आणण्याची मुभा आहे. शुद्धीकरण मात्र दोघींचे सारखेच. योसेफाने कोकरासाठी कर्ज काढल्याचे कुठे लिहिलेले नाही.

आम्हांला हे आठवले ते आपल्या धर्मग्रामातील घरांत चाललेल्या संगणकाच्या बोलण्यांमुळे. मुलगी कॉलेजात गेली, संगणक हवा. बाप जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये पाळी करतो. नवा लॅपटॉप हप्त्याने घ्यायचा तर किराणा उधारीवर. ऑफिसातून निघालेला जुना संगणक आणावा तर मुलगी म्हणते, "हा डबडा मैत्रिणींना कसा दाखवू?" (त्याच घरातला मोबाइल कधी कधी त्या डबड्याहून महाग असतो, ते असो.)

स्वस्त वस्तू म्हणजे काहीतरी सोडून दिलेली वस्तू. काय सोडले, हे आधी समजून घ्यावे. २००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील खैरात गावच्या शाळेत मुलांना 'एक मूल, एक लॅपटॉप' या योजनेतील हिरवे-पांढरे संगणक मिळाले. शंभर डॉलरचे स्वप्न होते, खर्च दोनशेच्या जवळ गेला. त्यात हार्ड डिस्क नव्हती, पडदा छोटा, वेग कमी. पण तो पडदा उन्हात वाचता येई, कळफलकात धूळ जात नसे आणि वीज फार थोडी लागे. बनवणाऱ्यांनी खेड्यातले मूल डोळ्यांसमोर ठेवून काय सोडायचे ते ठरवले होते. तत्त्वज्ञानात याला विवेक म्हणतात. चार मुख्य सद्गुणांत तो पहिला.

जुन्या संगणकाचेही तसेच. टायपिंग, हिशेब, एमएस-सीआयटीचा सराव त्यावर होतो. सुरू व्हायला वेळ लागेल. बॅटरी नाही, त्यामुळे लाइट गेली की यूपीएसशिवाय केलेले काम जाईल. तिघा भावंडांना पाळी लावावी लागेल. विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, आणि अनेक जुन्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. लिनक्स फुकट चालते, पण ते शिकावे लागते. जुन्याच विंडोजवर चालवणार असाल तर बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत. एवढे पत्करून घेतलेल्या संगणकावर रोज कुरकुर करणे म्हणजे आईबापांच्या घामावर कुरकुर करणे होय. मुलांनो, हे तुमच्यासाठी.

मात्र पत्करायची ती यंत्राची मर्यादा. विकणाऱ्याची लबाडी नव्हे. नुकसान करणारा छुपा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे, असे संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात लिहून ठेवले आहे. तो लपवणे सातव्या आज्ञेचा भंग आहे. म्हणून पैसे देण्यापूर्वी संगणक दुकानातच अर्धा तास चालवून पाहा, आणि दुरुस्तीची हमी बिलावर लिहून घ्या.