बिझनेस क्लासचे तिकीट आणि धर्मविचार

लांब पल्ल्याच्या विमानात बिझनेस क्लासचे तिकीट साध्या तिकिटाच्या तिप्पट-चौपट, कधी त्याहूनही महाग असते. पण विमान एकच, आणि ते सगळ्यांना घेऊन एकाच वेळी उतरते. म्हणजे जास्तीच्या पैशात वेळ वाचत नाही. मिळते ती आडवे होण्यापुरती जागा, निवांतपणा आणि इतरांपासून अंतर. अर्थ आणि काम या पुरुषार्थांना धर्माची मर्यादा घातलेली असल्याने हा खर्च करावा की नाही, हे केवळ ऐपतीवर ठरत नाही.

रत्नागिरी तालुक्यातील पालीसारख्या गावात हा प्रश्न बहुधा परदेशी असलेल्या मुलांकडे निघालेल्या म्हाताऱ्या आईवडिलांच्या निमित्ताने येतो. मुंबई-गोवा महामार्गावरच्या या गावातून मुंबईचा विमानतळ गाठायलाच जवळपास सबंध दिवस किंवा रात्र मोडते. पुढे न्यूअर्कपर्यंत थेट विमान घेतले तरी पंधरा-सोळा तास. साध्या वर्गात दोन आसनांच्या रांगांमध्ये साधारण ३१ इंच अंतर असते. गुडघे धरलेल्या माणसाला त्यात पाय लांब करता येत नाहीत. खिडकीपाशी बसलेल्या आजीला स्वच्छतागृहात जायचे तर शेजारच्या दोघांना उठवावे लागते. तो संकोच नको म्हणून ती पाणीच पीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली जाहीर केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून जास्त वेळ बसून प्रवास केल्यास शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. मूळ धोका लहान आहे आणि मोटार, बस, रेल्वे यांनाही हेच लागू आहे, हे खरे; तरी वयस्कर शरीराला त्याची दखल घ्यावीच लागते.

देहाला मुद्दाम कष्ट देणे म्हणजे धर्म, असे गीता मानत नाही. सहाव्या अध्यायात आहार, विहार आणि झोप यांत प्रमाण राखायला सांगितले आहे, तर सतराव्यात शरीराला पीडा देणाऱ्या दांभिक तपाला आसुरी ठरवले आहे. तुकोबांची शिकवण खर्चाच्या बाबतीत अधिक नेमकी आहे: धन सचोटीच्या व्यवहाराने मिळवावे आणि त्यात न गुंतता वेचावे. ही कसोटी मोठी कठीण आहे, कारण महाग आसनावर बसलेला माणूस पाठीसाठी बसला आहे की पडद्यापलीकडच्यांपेक्षा वरचढ ठरण्यासाठी, हे त्याच्या स्वतःच्या मनालाच ठाऊक असते. पाठीसाठीचा खर्च गरजेचा. मोठेपणासाठीचा अहंकाराचा, आणि तो ऐपत असूनही वायाच जातो.

गांधीजींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या रेल्वेप्रवासावर लिहिताना याच अंतरावर बोट ठेवले. व्हाइसरॉयसारख्या अधिकाऱ्यांनी पूर्वसूचना न देता त्या डब्यातून प्रवास करावा, असे त्यांनी सुचवले; वरच्या वर्गाला खालच्याचे हाल दिसत नाहीत, हे त्यांना खुपत होते. गणपतीत कोकणात येणाऱ्या गाड्यांचे जनरल डबे पाहिले की ते खुपणे आजही समजते. तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी १९७२ मध्ये याहून कडक युक्तिवाद मांडला: तितकेच मोलाचे काही न गमावता एखाद्याचे मोठे दुःख टाळता येत असेल, तर ते टाळणे हे कर्तव्यच. हा युक्तिवाद धडधाकट तरुणाच्या बिझनेस क्लासला जवळजवळ निरुत्तर करतो. सत्तरी ओलांडलेल्या आईला मात्र तो तसाच लावता येत नाही, कारण तिची सेवा हेही कर्तव्यच आहे. स्वतः सोसलेली गैरसोय तप ठरू शकते. दुसऱ्याला सोसायला लावलेली कधीच नाही.

अनेक आईवडील अशा तिकिटाला नकार देतात, तेवढ्या पैशांत घराची कौले बदलून होतील म्हणतात. हा नकार मनापासूनचा असतो आणि त्याचा मान राखायला हवा. म्हणून आधी स्वस्त उपाय पाहावेत: मार्गिकेलगतचे आसन, विमानतळावरची चाकाची खुर्ची, मध्ये एक मुक्काम. एवढ्याने भागत नसेल, तर निदान रात्रीच्या सर्वांत लांब टप्प्यापुरते तरी महाग तिकीट काढणे रास्त ठरते.